मंदीच्या काळात संगणक क्षेत्राकडे वळताना

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी बँक परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना अंकगणित शिकविण्याचे काम माझ्याकडे आहे. तास संपला की दोघे-चौघे मागे थांबतात. पूर्वी ते 'क्लार्कची जाहिरात केव्हा निघणार?' असे विचारीत. अलीकडे प्रश्न बदलला आहे. 'सर, मी बी.ए. झालो आहे. दुकानात काम करतो. हे सोडून आयटीत जाऊ का? क्लास लावू का?' असे विचारणारा तरुण बहुधा एखाद्या क्लासचे माहितीपत्रक हातात घेऊनच आलेला असतो. त्याला 'हो' एवढेच उत्तर हवे असते.

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर, राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक. मी संगणकतज्ज्ञ नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तर चुकविले होते. दुसरे म्हणजे बँकेच्या काउंटरवर बसत असल्यामुळे कर्जाचे हप्ते थकलेली मुले मला डोळ्यांसमोर दिसतात. म्हणून विद्यार्थी व त्यांचे पालक या दोघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने हा विषय क्रमाने मांडण्याचा प्रयत्न करतो.

१. एक जुना अनुभव

१९९८-९९ या काळात जिकडेतिकडे 'वाय-टू-के' हा शब्द ऐकू येत होता. जुन्या संगणक प्रणालींत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे २००० साल उजाडताच संगणक ते १९०० समजेल आणि व्याज, वय, मुदत असे सारे हिशेब कोलमडतील अशी भीती होती. ही दुरुस्ती करण्यासाठी भारतातील हजारो प्रोग्रामरना काम मिळाले. चौकाचौकांत संगणक प्रशिक्षणाचे फलक लागले. 'एक वर्षाचा डिप्लोमा आणि थेट अमेरिका' असे वातावरण होते.

मी २००० साली इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि त्याच जूनमध्ये एका खासगी संस्थेत डिप्लोमाला नाव घातले. फी अठ्ठावीस हजार रुपये. माझे वडील नगरपालिकेत शिपाई होते. त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढले. आम्हाला कोणालाही ठाऊक नव्हते की अमेरिकेतील संगणक कंपन्यांच्या शेअरचा नॅस्डॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी शिखरावर पोहोचून घसरू लागला होता. २००२ च्या ऑक्टोबरपर्यंत तो तीन-चतुर्थांशाहून अधिक खाली आला. माझा डिप्लोमा २००१ मध्ये पूर्ण झाला तेव्हा अभियंत्यांच्याच नेमणुका लांबणीवर पडत होत्या. मग इतिहासाच्या पदवीधराला कोण विचारणार? संस्थेने आमच्या शाखेला कुलूप लावले. मी पुढची अकरा वर्षे निरनिराळ्या खासगी कचेऱ्यांत लेखनिकी केली आणि राखीव प्रवर्गाच्या वयोमर्यादेतील सवलतीमुळे २०१२ साली बँकेत लागलो. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता वडिलांनी निवृत्तीच्या महिन्यात भरला. याबद्दल ते मला कधी एक शब्दही बोलले नाहीत. पण ती गोष्ट मी विसरू शकलेलो नाही.

त्या वेळी माझे काय चुकले? शिकण्याची इच्छा चुकीची नव्हती. मी बाजार चढत असताना निघालो आणि पोहोचेपर्यंत तो उतरला, हे एक. आणि मी रिकाम्या हाताने गेलो, हे दुसरे. डिप्लोम्यात शिकलेल्या भाषेखेरीज माझ्याकडे असे काहीच नव्हते की जे दुसऱ्याकडे नाही.

२. आजची परिस्थिती

२०२० च्या कोरोना साथीनंतर जगभरच्या कंपन्यांनी आपले व्यवहार घाईघाईने ऑनलाइन नेले. त्यामुळे भारतातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत नोकरभरतीचा पूर आला. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसची कर्मचारीसंख्या १,०३,५४६ ने वाढली. आज क्लासच्या माहितीपत्रकांवर जी स्वप्ने छापलेली दिसतात ती बहुतांशी त्या वर्षाची आहेत.

त्यानंतर वारे फिरले. महागाई रोखण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पासून व्याजदर वाढविण्यास सुरुवात केली आणि शून्याजवळ असलेला दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. पैसा महाग झाला की परदेशी ग्राहक नवे प्रकल्प पुढे ढकलतात आणि त्याचा परिणाम पुणे, मुंबई, बंगळूर येथील भरतीवर होतो. २०२३-२४ मध्ये टीसीएसचे १३,२४९, इन्फोसिसचे २५,९९४ आणि विप्रोचे २४,५१६ कर्मचारी कमी झाले. म्हणजे तीनच कंपन्यांत मिळून जवळजवळ चौसष्ट हजारांची घट झाली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आणखी सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले.

याच काळात ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले. सोपा, ठरावीक साच्याचा कोड आता यंत्र लिहून देते. नवशिक्याला पहिल्या वर्षी जे काम दिले जाई, त्यातला बराचसा भाग हाच होता. म्हणून पहिली पायरीच अरुंद झाली आहे, हे आपण मनाशी स्पष्ट केले पाहिजे.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. 'नॅसकॉम' या उद्योगसंघटनेच्या मते २०२३-२४ अखेर या क्षेत्रात सुमारे ५४ लाख लोक काम करीत होते. त्या मंद वर्षातही संपूर्ण क्षेत्राचा विचार करता निव्वळ साठ हजार नोकऱ्यांची भर पडलीच. परदेशी बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या यांनी भारतात उघडलेली स्वतःची तंत्रज्ञान केंद्रे २०२४ मध्ये सतराशेच्या वर होती व त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करीत होते. तेव्हा दार बंद झालेले नाही. परंतु मोठ्या दरवाजातून गर्दीने आत सोडण्याचे दिवस सध्या नाहीत.

३. या घरातील निरनिराळ्या खोल्या

आपल्या मुलांच्या मनात आयटी म्हणजे प्रोग्रामिंग असे समीकरण पक्के बसले आहे. प्रत्यक्षात हे अनेक खोल्यांचे घर आहे. एका खोलीत प्रोग्राम लिहिणारे बसतात. दुसऱ्या खोलीत तो प्रोग्राम तपासणारे, म्हणजे टेस्टिंगवाले असतात. तिसरी खोली सपोर्टची; वापरणाऱ्याची अडचण ऐकून ती सोडविणे हे तिचे काम. चौथीत माहितीचे कोष्टक लावून अहवाल काढणारे असतात. पाचवीत नेटवर्क व सर्व्हर सांभाळणारे असतात. आणखी एका खोलीत बिझनेस ॲनालिस्ट असतात. बँकेला, दवाखान्याला किंवा दुकानदाराला नेमके काय हवे आहे ते समजून घेऊन प्रोग्रामरला समजेल अशा भाषेत लिहून देणे हे त्यांचे काम होय.

प्रोग्रामिंगच्या खोलीबाहेर आज सर्वांत लांब रांग आहे आणि त्या रांगेत अभियांत्रिकीचे पदवीधर आपल्या पुढे उभे आहेत. सपोर्ट, टेस्टिंग, अहवाल आणि ॲनालिस्ट या खोल्यांत मात्र एक गोष्ट वेगळी आहे. तिथे संगणकाच्या ज्ञानाबरोबर मूळ कामाचे ज्ञानही लागते, आणि ते ज्ञान महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अभियंत्याकडे नसते.

४. बँकेतील एक उदाहरण

१ एप्रिल २०२० रोजी सरकारी बँकांची जी मोठी विलीनीकरणे झाली, त्यांत आमचीही बँक होती. दोन बँकांच्या संगणक प्रणाली एक करावयाच्या होत्या. नवी प्रणाली सुरू करण्यापूर्वी ती वापरणाऱ्यांकडून तपासून घेतात. त्यासाठी शाखांतून काही कर्मचारी बोलाविले, त्यांत माझे नाव आले. चार महिने मी ते काम केले.

एके दिवशी निष्क्रिय खात्यांची यादी तपासावयाची होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने स्वतः केलेला व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय धरतात. यादीत खाती फारच थोडी आली होती. शाखेत बसणाऱ्या माणसाला ते ताबडतोब खटकते. मी दहा जुनी खाती काढून पाहिली. सर्वांत शेवटची नोंद बँकेने जमा केलेल्या व्याजाची किंवा कापून घेतलेल्या शुल्काची होती. प्रोग्राममध्ये कोणतीही नोंद 'व्यवहार' म्हणून मोजली जात होती. व्याज तर ठरल्या वेळी जमा होतच राहणार. मग खाते कधीच निष्क्रिय होणार नाही! मृत माणसाच्या खात्यावर देखील प्रणालीच्या लेखी व्यवहार चालूच राहिला असता. आणि ज्या खात्यांवर जास्त लक्ष ठेवावयाचे, नेमकी तीच नजरेआड झाली असती.

प्रोग्राम लिहिणारा मुलगा माझ्याहून कितीतरी हुशार होता. त्याने दुरुस्ती दहा मिनिटांत केली. परंतु ग्राहकाचा व्यवहार आणि बँकेची नोंद यांतील फरक त्याला कोणी सांगितलाच नव्हता. तो फरक मला ठाऊक होता, कारण मी रोज तेच काम करतो. २००१ मध्ये डिप्लोमा घेऊन फिरताना माझ्याकडे जे नव्हते, ते हेच. त्या चार महिन्यांत मी या निष्कर्षाला आलो की हातातले काम टाकून आयटीत जाऊ नये. ते काम सोबत घेऊन जावे.

माझ्याबरोबर तपासणीला आलेला एक सहकारी पुढे परीक्षा देऊन बँकेच्याच माहिती तंत्रज्ञान विभागात गेला. मी गेलो नाही. घरची जबाबदारी होती आणि बदली परवडणारी नव्हती. हेही सांगितले पाहिजे, कारण प्रत्येकाने उडी घेतलीच पाहिजे असे नाही.

५. दोन विद्यार्थी

आपल्या अभ्यासिकेत येणाऱ्या दोघांची हकीकत नावे न घेता देतो.

पहिला तरुण एका गोदामात अठरा हजार रुपयांवर काम करीत होता. त्याने नोकरी सोडली आणि दीड लाख रुपये फीचा 'फुल स्टॅक' अभ्यासक्रम लावला. 'फी हप्त्याने भरा' असे सांगून मोबाइलवर त्याच्या सह्या घेतल्या. तो समजत होता की हप्ते क्लासचे आहेत. वास्तविक ते एका फायनान्स कंपनीचे कर्ज होते आणि ते त्याच्या नावावर होते. क्लास संपून नऊ महिने झाले तरी नोकरी लागली नाही. हप्ते थकले, पतनोंद बिघडली. आज तो दुसऱ्या गोदामात पूर्वीपेक्षा कमी पगारावर आहे. खेदाची गोष्ट अशी की, मालाची आवक-जावक, बारकोड, ई-वे बिल, साठ्यातील तफावत या गोष्टी त्याला उत्तम येतात आणि त्याच विषयांच्या सॉफ्टवेअरला सपोर्टची माणसे लागतात. ते ज्ञान त्याने बायोडाटात एका ओळीनेही लिहिले नव्हते. कोणी त्याला तसे सांगितलेच नाही.

दुसरी एक भगिनी, बी.ए. अर्थशास्त्र. एका रुग्णालयात विम्याच्या टेबलावर सोळा हजारांवर काम करीत होती. कोणते कागद राहिले की विमा कंपनी दावा परत पाठविते, खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली की बिलातून किती कापले जाते, हे तिला तोंडपाठ होते. तिने नोकरी सोडली नाही. रोज रात्री दीड तास याप्रमाणे चौदा महिने अभ्यास केला. मग रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनविणाऱ्या एका लहान कंपनीत सपोर्टच्या जागेसाठी गेली. मुलाखतीत संगणकाविषयीचे दोन प्रश्न तिला आले नाहीत. परंतु दावा का परत येतो यावर ती वीस मिनिटे बोलली. बावीस हजारांवर तिची नेमणूक झाली. रक्कम मोठी नाही, पण ती आत गेली. वर्षभरात ती अहवालांचे प्रश्न स्वतः लिहू लागली.

६. काय शिकावे व कोणत्या क्रमाने

रोज दीड तास धरला तर वर्षात सुमारे साडेपाचशे तास होतात. नोकरी करणाऱ्या माणसाला एवढे जमते. त्याची विभागणी पुढीलप्रमाणे करावी.

पहिले तीन महिने स्प्रेडशीट. एक्सेल किंवा मोफत मिळणारे लिब्रे ऑफिस चालेल. यादी लावणे, गाळणे, बेरजांचे कोष्टक काढणे हे हातात बसले पाहिजे. त्याबरोबर तांत्रिक इंग्रजी वाचण्याची सवय लावावी. संगणकाने दाखविलेला चुकीचा संदेश घाबरून बंद न करता शब्द न् शब्द वाचावा.

पुढचे चार महिने एसक्यूएल. साठविलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची ही भाषा आहे. आपल्या अभ्यासिकेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. एका तक्त्यात पुस्तकाचा क्रमांक, नाव व लेखक. दुसऱ्या तक्त्यात पुस्तकाचा क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख व परत केल्याची तारीख. 'पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर असलेली पुस्तके कोणती?' या प्रश्नात तीन भाग आहेत. काय पाहिजे, हे 'सिलेक्ट' सांगते. कोणत्या तक्त्यातून पाहिजे, हे 'फ्रॉम' सांगते. अट कोणती, हे 'व्हेअर' सांगते. येथे अट अशी की परतीची तारीख रिकामी आणि नेल्याची तारीख पंधरा दिवसांपूर्वीची. पुस्तकाचा क्रमांक दोन्ही तक्त्यांत असल्यामुळे 'जॉइन'ने ते जोडले की पुस्तकाचे नावही मिळते. एवढे समजले की बँकेची खाती काय आणि रुग्णालयाची बिले काय, तत्त्व एकच आहे. यासाठी मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट मोफत मिळते.

शेवटचे पाच महिने एकच वाट धरावी. टेस्टिंगकडे कल असेल तर तपासणीची नोंद लिहिण्यास शिकावे. त्यात चार गोष्टी असतात : कोणती माहिती भरली, कोणत्या पायऱ्या केल्या, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले. कला शाखेच्या मुलाला नेटके लिहिता येते. ते येथे उपयोगी पडते. अहवालांकडे कल असेल तर पायथन ही भाषा घ्यावी. दोन्ही एकदम धरू नये.

साधने कमी नाहीत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात अनेक विषयांचे धडे मराठी आवाजातही आहेत आणि ते विनामूल्य आहेत. थोडे पाहावयाचे, थांबवावयाचे, स्वतः करून पाहावयाचे, अशी त्यांची पद्धत आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर महाविद्यालयीन दर्जाचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. चॅटजीपीटीसारख्या यंत्राची शिक्षक म्हणून जरूर मदत घ्यावी. मात्र गणित आधी स्वतः सोडवून मग उत्तर पडताळावे. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे ओळखण्यासाठी विषय कळणारा माणूस लागतो. आपल्याला तो माणूस व्हावयाचे आहे.

वर्षाअखेर एक तरी काम पूर्ण करून दाखविता आले पाहिजे आणि ते आपल्या चालू नोकरीतील असावे. किराणा दुकानातील मुलाने मुदत संपत आलेल्या मालाची यादी काढावी. शाळेच्या कचेरीतील मुलीने थकलेल्या फीचा तक्ता करावा. मालकाची माहिती बाहेर नेऊ नये. नावे व आकडे काल्पनिक घ्यावेत. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा या कामाविषयी अधिक बोलता येते.

७. पैशाचा हिशेब

आता माझ्या रोजच्या कामाचा विषय. दीड लाख रुपये कर्ज, दरसाल १४ टक्के व्याज, मुदत दोन वर्षे. याचा मासिक हप्ता सुमारे ७,२०० रुपये होतो व एकूण फेड पावणेदोन लाखांच्या जवळ जाते. अठरा हजार पगाराच्या घरात हा हप्ता म्हणजे उत्पन्नाचे दोन-पंचमांश. आणि नोकरी सोडली असेल तर हप्ता शून्यातून भरावयाचा आहे. हा हिशेब क्लासच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो आपण घरी, आईवडिलांसमोर बसून करावा.

माझे नियम सांगतो. फी दोन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त असू नये. हाती लेखी नियुक्तीपत्र येईपर्यंत राजीनामा देऊ नये. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याखेरीज कमी पगाराची उडी घेऊ नये. आईचे दागिने व घराचे कागद यांना हात लावू नये.

क्लास लावावयाचाच असेल तर आधी हे विचारावे : गेल्या वर्षीच्या तुकडीतील किती जणांना, कोणत्या जागेवर, किती पगाराची नोकरी लागली? त्यांतील दोघांची भेट घालून द्याल का? मध्येच सोडल्यास फी परत मिळेल हे लेखी द्याल का? हप्ते क्लासला जाणार की कर्जकंपनीला? 'शंभर टक्के नोकरीची हमी' असे म्हणणाऱ्याने ही उत्तरे टाळली तर उठून यावे. नोकरीसाठी अनामत रक्कम मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. अनुभवाचे खोटे दाखले विकणारेही आहेत. कंपन्या नेमणुकीनंतरही पार्श्वभूमी तपासतात. खोटा दाखला उघड झाला तर ती नोकरी तर जातेच, पण पुढची दारेही बंद होतात.

८. सरकारी वाट

खासगी आयटी कंपन्यांत आरक्षण नाही. सरकारी बँकांतील आयटी अधिकाऱ्याच्या पदांना मात्र ते आहे, आणि वयाची सवलतही आहे. या पदासाठी अभियांत्रिकी किंवा एमसीए लागते असे सर्वांना ठाऊक असते. परंतु आयबीपीएसच्या जाहिरातीत आणखी एक पर्याय दिलेला असतो : कोणत्याही शाखेचा पदवीधर, जर त्याने डोएक 'बी' लेव्हल पूर्ण केली असेल तर. डोएक ही केंद्र सरकारची संस्था. तिचेच नाव आता नाइलिट आहे. 'ओ', 'ए', 'बी' अशा तिच्या पायऱ्या आहेत. वाट लांब आहे, अनेक वर्षे लागतात, परंतु बी.ए. झालेल्याला ती मोकळी आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी.

एमसीए आता दोन वर्षांचे आहे. कला शाखेतून जावयाचे असल्यास बारावीच्या गणितासंबंधीची अट प्रवेश नियमावलीत पाहून घ्यावी. येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते, खासगी क्लासला मिळत नाही. जो मुलगा शिष्यवृत्तीवर एमसीए करू शकतो त्याने दीड लाखाचे कर्ज काढून सहा महिन्यांच्या क्लासला जाणे म्हणजे घरचे धान्य टाकून उसने आणण्यासारखे आहे.

९. आपल्या संस्थेने काय करावे

खासगी क्षेत्रातील पुष्कळ जागा ओळखीने भरल्या जातात. कंपनीतला कर्मचारी एखाद्याचे नाव सुचवितो आणि त्याला मुलाखतीचे बोलावणे येते. ज्यांचे काका-मामा हिंजवडीत आहेत त्यांना ही ओळख घरातच मिळते. आपल्या बहुतेक मुलांची या क्षेत्रात जाणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यांना असा काका नाही. तो काका संस्थेने व्हावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आयटीत असलेल्या सभासदांची व त्यांच्या मुलांची एक वही करावी. त्यांतील प्रत्येकाने महिन्यातून एक तास अभ्यासिकेत यावे, दोघांच्या सराव मुलाखती घ्याव्यात आणि आपल्या कंपनीत जागा निघाल्यास कळवावे. अभ्यासिकेत दोन संगणक संध्याकाळी सात ते दहा खुले ठेवावेत. ग्रंथालयाची नोंदवही संगणकावर आणण्याचे काम बाहेर न देता विद्यार्थ्यांच्या हातून करून घ्यावे. फीच्या कर्जाचा कागद सही करण्यापूर्वी ज्याला दाखवावयाचा असेल त्याने रविवारी मला दाखवावा. मी वाचून देईन. माझ्याजवळ देण्यासारखे एवढेच आहे.

समारोप

मंदी कायमची नसते, तेजीही कायमची नसते. २००१ ची मंदी गेली, २००८ ची गेली, हीदेखील जाईल. अशा काळात शांतपणे शिकणारा माणूस दार उघडले की तयार असतो; तेजीच्या बातम्या वाचून निघालेला पोहोचेपर्यंत ती ओसरलेली असते, हे मी स्वतः पाहिले आहे. आपण जे काम करतो ते हलके आहे असे मानून ते लपविण्याची सवय आपल्या मुलांना लागली आहे. गोदामात, दुकानात, दवाखान्यात मिळालेले ज्ञान हे ज्ञानच आहे. ते कागदावर लिहावे, त्याला संगणकाची जोड द्यावी, आणि नोकरी न सोडता वर्षभर रोज दीड तास बसावे.

पुढच्या रविवारी कोणी 'सर, आयटीत जाऊ का?' असे विचारले तर मी त्याला आधी एवढेच विचारणार आहे : तुझ्या आजच्या कामात दुसऱ्याला न येणारे असे तुला काय येते? त्याचे उत्तर जो एका पानावर लिहून आणील, त्याच्याबरोबर मी पुढचे बोलेन.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या सध्याच्या कामातील असे पाच नियम लिहा की जे नव्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाहीत.
२. त्या कामासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरले जाते? ते कोठे चुकते किंवा अडते?
३. अभ्यासिकेच्या ग्रंथालयासाठी दोन तक्ते आखा व त्यांना विचारता येतील असे चार प्रश्न लिहा.
४. आपल्या घराचा सहा महिन्यांचा खर्च किती, याचा हिशेब पालकांबरोबर बसून करा.